आधी गळती सापडू द्या, मग पार्ट बदला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चोर्ला घाटात बॉनेट उघडून ठेवलेली गाडी दिसली की मागून येणारा प्रत्येक जण चढाला दोष देतो. चढाला कशाला? तो काल होता तेवढाच आज आहे. गाडीतलं पाणी मात्र काल होतं तेवढं उरलेलं नसतं. ते गेलं कुठे हे शोधायचं सोडून आपल्याकडे थेट पार्ट बदलायला घेतात. त्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच, फक्त प्रेशर टेस्टरचा भाग तेवढा राहू द्यावा.

मी साखळीचा. पिकअप आहे, ती मीच चालवतो. वर जाताना नारळाची पोती आणि रिकामे क्रेट, येताना बेळगावची भाजी, ती डिचोली-असनोडा करत म्हापशाच्या बाजारात. केरी सोडून अंजुणे धरणाची बाजू मागे पडली की चढ लागतो आणि तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो. परतीच्या वाटेवर गाडी गच्च भरलेली असूनही काटा मुकाट खाली. यात नवल काही नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडली की इंजिनात डिझेल जवळपास जळतच नाही, वॉटर पंप मात्र फिरत राहतो, म्हणजे गरम व्हायचं थांबतं आणि थंड व्हायचं चालू राहतं. पण हे एका गॅरेजवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘भरलेली गाडी तापत नाही ना? मग इंजिनात काही नाही. टोपण बदलू या.’’

टोपण बदललं. रेडिएटरचं टोपण ही स्वस्त वस्तू आहे आणि ते कधी कधी खरंच खराब होऊ शकतं, म्हणून त्याला मी काही म्हणालो नाही. रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पाण्याची पातळी तरी उतरतच राहिली. आज वरच्या खुणेला, दोन खेपांनी खालच्या खुणेच्याही खाली. मग वॉटर पंप बदलला. पातळी तशीच उतरत राहिली. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, काढून टाकला, नवा न घालता, नुसता काढून. ‘‘आपल्या गोव्यात थंडी कुठे आहे, हा पाहिजे कशाला?’’ हे त्याचं स्पष्टीकरण.

या थर्मोस्टॅटवर थोडं थांबतो, कारण हा उद्योग एकट्या माझ्या गाडीवर झालेला नाही. साखळीच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या पिकअपवाल्यांना विचारा, निम्मे सांगतील की ‘वॉल्व’ काढलेला आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन नव्वदीच्या आसपास तापमानावर चालावं अशा हिशोबानेच बांधलेलं असतं. त्यापेक्षा गार राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, इंजिन ऑइलही लवकर खराब होतं, आणि नव्या बीएस-6 गाड्यांत तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत याच थर्मोस्टॅटची खालची चकती, इंजिन तापल्यावर, बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की ती वाट कायम उघडी राहते. थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात गोल फिरत बसतं, आणि ऐन चढावर, जिथे एकेक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथे गाडी जास्त तापते. म्हणजे गाडी तापते म्हणून काढलेली वस्तू गाडी तापवायला कारण होते. आणि गळतीशी तर तिचा संबंधच नव्हता.

गाडीखाली थेंब दिसत नव्हता ही खरी अडचण. पण आमच्या अंगणात तो दिसणार कसा? लाल माती, पडेल ते पिऊन टाकते. त्यासाठी एक साधा उपाय आहे. रात्री गाडी लावल्यावर इंजिनाखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवायचं, कोपऱ्यांवर दगड. मी आपलाच पेपर वापरला, रविवारची पुरवणी रुंद असते म्हणून, राग मानू नये. सकाळी कागदावर डाग कुठे पडला यावरून गळती साधारण कोणत्या बाजूला आहे ते कळतं. डाग बोटानं चोळून पाहायचा. कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव, बोटाला बुळबुळीत लागतं, रंग हिरवा, गुलाबी, केशरी, जो भरला असेल तो, आणि वास गोडसर. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. एसी लावून आलेल्या गाडीखाली ते पडणारच, त्याला घाबरून गॅरेज गाठणारेही मी पाहिलेत. (चव मात्र घेऊ नका, कारण पुढे येतंय.)

माझ्या कागदावर मागच्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या सुमारास, दोन फिकट डाग पडत होते, तेही रोज नाही. बहुतेक गळतं पाणी तापलेल्या ब्लॉकवरच आटून जात असणार. हे घेऊन पुन्हा त्याच गॅरेजला गेलो, तर ‘‘हेड गॅस्केट असेल, हेड उतरवून बघावं लागेल’’ असं उत्तर मिळालं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवणं म्हणजे भाड्याचा मोठा तुकडा गेला आणि गाडी उभी राहिली ती वेगळीच. गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, शंका घ्यायला हरकत नाही, पण ती हेड न उतरवताही तपासता येते. डिपस्टिकला दुधाळ ऑइल लागतंय का, रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना एकसारखे बुडबुडे येतायत का, होज पाइप थंड इंजिन सुरू केल्याबरोबर दगडासारखे टणक होतायत का. आणि एक निळं औषध मिळतं, रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची, जळलेला वायू त्यात आला तर रंग बदलतो. यातलं काहीएक न करता ‘हेड उतरवू या’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी द्यायची नाही, असं ठरवून मी निघालो.

होंड्याच्या बाजूला एक वयस्क मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आहेत. नाव लिहित नाही, त्यांना गर्दी नको असते. त्यांनी इंजिन थंड होईपर्यंत गाडीला हात लावला नाही. मला म्हणाले, ‘‘उदक खंय वता तें पयलीं सोदूंया, मागीर पार्ट.’’ (पाणी कुठे जातं ते आधी शोधू या, मग पार्ट.) मग रेडिएटरचं टोपण काढून त्या जागी प्रेशर टेस्टर, म्हणजे एक पंप, बसवला. सायकलला हवा भरायचा हातपंप असतो तसाच, फक्त त्याला दाब दाखवणारं घड्याळ असतं. टोपणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, माझ्या टोपणावर 1.1 (बार) आहे, काहींवर 0.9 असतो, जुन्या टोपणांवर 13 किंवा 16 पौंड. तेवढा दाब हातानं भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि घड्याळाकडे बघत बसायचं. काटा दहा-पंधरा मिनिटं जागचा हलला नाही तर गळती नाही. हलला, तर पाणी कुठेतरी जातंयच, आणि आता गाडी थंड आहे, पंखा फिरत नाही, वाफ होत नाही, म्हणजे ते दिसलंच पाहिजे.

काटा हलला. भराभर नाही, पण बघता बघता 1.1 वरून एकच्या खाली आला. मेस्तांनी आधी सगळ्या क्लिपांवर बोट फिरवलं, रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांच्या कडा पाहिल्या, आणि नव्या पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक पाहिलं. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. पंप खरंच खराब असेल तर तिथे ओल किंवा वाळलेला रंगीत डाग सापडतो. म्हणजे माझा जुना पंप बदलण्याआधी बोट लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सगळं कोरडं. मग त्यांनी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, खोलला. सेल्फच्या मागे हात जात नाही अशा जागी त्यांनी दांडीचा छोटा आरसा धरला आणि बॅटरी मारली. आरशात ब्लॉकच्या अंगावर रुपयापेक्षा मोठी, गोल, खोलगट पत्र्याची चकती दिसली, तिच्या कडेला हिरवट-पांढरा खार जमलेला. खारातून एक थेंब आला, फुगला, आणि ब्लॉकवरून घसरत गिअरबॉक्सच्या कवचावर गेला. मेस्तांनी स्क्रू-ड्रायव्हरची टोकदार बाजू चकतीच्या मधोमध हलकेच टेकवली. टोक आत गेलं. पत्रा आतून गंजून कागदाएवढा उरला होता. पुढच्या क्षणी सगळं कूलंट खाली ठेवलेल्या परातीत.

याला आमच्याकडे डमी म्हणतात. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटांसाठी वाळूचे साचे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू काढायला ब्लॉकला भोकं लागतात. पुढे ती भोकं अशा पातळ पत्र्याच्या चकत्या ठोकून बंद करतात. म्हणजे जाड लोखंडी ब्लॉकच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या या पातळ जागा. आतून गंज धरला तर पहिल्यांदा याच जाणार. त्यातल्या काही बाजूला असतात, त्या दिसतात, आणि काही अशा सेल्फच्या नाहीतर गिअरबॉक्सच्या आड, ज्या आयुष्यात कोणी बघत नाही.

ती थंड असताना का गळत नव्हती? कारण गाडी थंड असताना आत दाब नसतो. पाणी तापतं, फुगतं, आणि टोपण त्याला ठरलेल्या आकड्यापर्यंत दाबून धरतं. सुमारे एक बारच्या दाबाखाली पाणी शंभर अंशाला उकळत नाही, एकशेवीसच्या आसपास उकळतं. यावरच घाटात गाडी चालते. चढावर तापमान वाढलं, दाब वाढला, की गंजलेल्या चकतीतून पाणी बाहेर. बेळगावला पोचून गाडी गार झाली की गळती बंद. गॅरेजमध्ये गार गाडी उभी करून वाकून बघणाऱ्याला मग ती कशी सापडावी?

घाटातल्या ड्रायव्हरांनी टोपणाबद्दलची ही गोष्ट तरी लक्षात ठेवावी. गाडी तापलेली असताना टोपण फिरवलं की दाब एकदम जातो, एकशे दहा-पंधरा अंशाचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन उसळतं, ते तोंडावर आणि हातावर. फडकं गुंडाळून उघडलं तरी तेच. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, आणि वरचा होज पाइप हातानं धरवेल इतका गार होईपर्यंत थांबा. गरम इंजिनात बाटलीभर गार पाणी ओतणं हाही हेड फोडायचा हमखास मार्ग आहे. काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर राहिला, तर तो हवेचं तापमान दाखवतो, आणि काटा चक्क खाली येतो. ‘गाडी आपोआप गार झाली’ असं वाटून पुढे जाणाऱ्याचं इंजिन तिथेच धरतं.

डमी आतून गंजली कशी, हे मेस्तांनी परातीत दाखवलं. कूलंटखाली विटकरी गाळ बसला होता. गाडी माझ्याकडे येण्याआधी ज्याच्याकडे होती त्याने वर्षानुवर्षं विहिरीचं, नळाचं, वाटेत मिळेल ते पाणी घातलं असणार. कूलंट म्हणजे काही महागडं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल पाण्याचा उकळबिंदू आणखी वर नेतं, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं लोखंड, अॅल्युमिनियम, पितळ सगळ्यांना सांभाळतात. ती द्रव्यं काही वर्षांनी संपतात, म्हणून रंग छान दिसत असला तरी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीला कूलंट बदलावंच लागतं. आणि रंगावरून जात ठरत नाही. दोन कंपन्यांचं हिरवं वेगळं असू शकतं, वेगवेगळ्या जातीची मिसळली तर गंजरोधक निकामी होतं, कधी लगदाही होतो. पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्यावं. पाणी न मिसळलेल्या घट्ट कूलंटचा डबा घेतला असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत वरून घालतात ते. विहिरीचं नाही, आणि फिल्टरचंसुद्धा नाही.

हळदीबद्दलही सांगायला हवं. रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाका, हा सल्ला घाटात अजून मिळतो, आणि थोडी गळती त्याने थांबतेही, खोटं नाही. रात्री दोन वाजता कणकुंबीच्या पुढे अडकला असाल तर टाका बापडे. पण ती हळद गळतीची जागा ओळखून तिथेच बसत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. बाटलीत मिळणाऱ्या लीक-स्टॉप औषधाचंही तेच. घरी पोचल्यावर दोन्ही धुऊन काढायला हवं. काढत कोणी नाही.

प्रत्येक गळती माझ्यासारखी आरशात सापडेलच असं नाही. पाणी जातंय, बाहेर थेंब नाही, प्रेशर टाकल्यावर काटा उतरतोय, तर पाणी आत जातंय. पायाखालची मॅट ओली आणि काचेवर धुकं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटलेला असतो. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत तो असतो आणि त्यातून पाणी फिरत असतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर धूर येत असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) पाहावा, डिझेल पिकअपमध्ये हा अलीकडे बराच दिसतो. कूलंटमध्ये घालायचा चमकणारा रंगही मिळतो. तो घालून दोन खेपा करायच्या आणि अंधारात निळ्या बॅटरीनं इंजिन पाहायचं, पाणी जिथून गेलं तिथे पिवळट हिरवी रेघ चमकते. पावसाळ्यात हे सगळं जास्त कठीण जातं. रस्ता ओला, गाडी ओली, इंजिन गार, आणि बाटलीकडे लक्ष नसतं. मग मार्च उजाडला की घाटात रांग.

मेस्तांनी ती डमी आणि जवळची दुसरी, अशा दोन्ही पितळी घातल्या. बसवण्याआधी खाच घासून साफ केली, सीलंट लावलं, आणि बरोबर मापाचा सॉकेट ठेवून हातोड्यानं सरळ ठोकल्या. नंतर रेडिएटर आणि ब्लॉक साध्या पाण्यानं गाळ यायचा थांबेपर्यंत धुतला. नवा थर्मोस्टॅट घातला. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाला लावून हीटरचा नॉब गरमवर फिरवला, आत अडकलेली हवा निघावी म्हणून. शेवटी पुन्हा पंप लावून 1.1 भरलं आणि आम्ही चहा प्यालो. काटा जागेवर.

आता मागणी. प्रेशर टेस्टर काही परदेशातून आणावा लागत नाही, तो दोन-चार हजारांत मिळतो. एका वॉटर पंपाच्या बिलापेक्षा त्याची किंमत फार जास्त नाही. गोव्यात गॅरेज चालवणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावा, आणि गाडी तापते म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला पार्ट सांगण्याआधी घड्याळ दाखवावं. म्हापसा, डिचोली, फर्मागुडी इथल्या आयटीआयमधून डिझेल आणि मोटर मेकॅनिक होऊन पोरं बाहेर पडतात. पार्ट बसवणं त्यांना चांगलं येतं हे मी पाहिलंय. गळती शोधून काढणं ही वेगळी परीक्षा म्हणून त्यांच्याकडून करून घ्यावी. एखाद्या जुन्या इंजिनात मुद्दाम गळती करून ठेवा आणि शोधायला लावा.

आणि काढलेलं कूलंट गटारात सोडणं थांबवा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. रस्त्यावरचे कुत्रे, गाई-म्हशी ते चाटतात. मांजराला तर चमचाभर पुरतं. साखळीत गॅरेजच्या दारात हिरव्या डबक्याला तोंड लावणारं वासरू मी स्वतः हाकललं आहे. परातीत धरा, डब्यात भरून झाकण लावा.

गाडीमालकांनी बिल मागावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर पार्टचं नाव आणि तो का बदलला ते लिहून घ्या, आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. मी माझा वॉटर पंप मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचं सांगण्यात आलं. थर्मोस्टॅटही गेला होता. टोपण तेवढं परत मिळालं. मेस्तांनी ते टेस्टरवर चढवून दाब भरला, तर ते 1.1 ला व्यवस्थित उघडत होतं. ते आता गाडीच्या खणात स्पेअर म्हणून ठेवलं आहे.

आपला,
एक पिकअपवाला,
साखळी, डिचोली